पुण्याच्या बागा आणि आपली बाग

स्मरणिका समितीच्या मंडळींनी "सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा" म्हणून आग्रह धरला, तेव्हा मी म्हटलं, इतिहास कसला, पंचवीस वर्षांचे ताळेबंद काढून देतो. बँकेत छत्तीस वर्षं गेली. लिहिणं म्हणजे सर्क्युलरं आणि तपासणीचे शेरे, एवढाच अनुभव. पण त्या निमित्ताने सभांची जुनी इतिवृत्तं चाळली आणि एक गंमत लक्षात आली. पाणी, लिफ्ट आणि पार्किंग यांच्या खालोखाल आपल्याकडे सर्वांत जास्त चर्चा झाली ती मागच्या बागेची. बाग करावी, माळी ठेवावा, माळी काढावा, हिरवळ लावावी, हिरवळ काढून फरशी घालावी. पंचवीस वर्षांत हा विषय कधी संपलाच नाही.

मग म्हटलं, बागेवरच लिहू. पण नुसतं आपल्या बागेवर लिहून भागणार नाही. आपल्या बागेचं जे झालं, तेच या शहरातल्या मोठमोठ्या बागांचंही अडीचशे वर्षं होत आलं आहे.

पुण्यातल्या जागांची नावं एकदा मनात म्हणून पाहा. तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग, हिराबाग, रमणबाग, विश्रामबाग, माणिकबाग. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटेल, हे केवढं बागांचं गाव! आणि आपण त्याला तुळशीबागेत नेतो ते भांडी आणि टिकल्या-बांगड्या घ्यायला. बेलबाग म्हणजे नाना फडणिसांचं विष्णूमंदिर आणि गणपतीत मिरवणूक बघायचा चौक. रमणबागेत शाळा. विश्रामबाग म्हणजे वाडा. हिराबाग नानासाहेब पेशव्यांनी हौसेने केली होती, आज ते नाव आपल्याला चौकामुळे आणि गणेश मंडळामुळे माहीत आहे. बहुतेक ठिकाणी नाव राहिलं आणि बाग गेली.

का गेली? १८१८ साली पेशवाई गेली, हे एक उत्तर. ज्यांच्या खासगी खर्चातून माळ्यांचे पगार आणि मोटेच्या बैलांची वैरण निघत होती तो खर्च बंद झाला. पण तेवढं एकच उत्तर पुरं पडत नाही. कारण पेशव्यांचंच एक ठिकाण आजही बाग म्हणून नांदतं आहे, ते म्हणजे सारसबाग. तिची हकिगत सांगण्यासारखी आहे.

पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी तळं करवून घेतलं ते १७५० च्या दशकात. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याचं पाणी त्यासाठी अडवलं. काम फार रेंगाळलं म्हणून पेशवे स्वतः हत्तीवरून उतरून दगड वाहू लागले, मग सरदारही लाजून कामाला लागले, अशी आख्यायिका आहे. तळ्याच्या मध्यभागी एक बेट राखलं आणि त्या बेटावर बाग केली, ती सारसबाग. पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी त्या बेटावर गणपतीची स्थापना केली. म्हणून तो तळ्यातला गणपती. आज तळं नाही, पण पुण्यातला जुना माणूस अजूनही तळ्यातला गणपतीच म्हणतो. या तळ्यात नावेत बसून पेशवे खलबतं करत आणि नाव वल्हवायला मराठी न समजणारे हबशी ठेवलेले असत, असंही सांगतात. गुप्ततेची ही पद्धत आमच्या बँकेत असती तर बदल्यांच्या बातम्या चहाच्या टपरीवर आधी कळल्या नसत्या!

पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा प्राणिसंग्रहही होता. त्यातल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये काढलं, ते आजही परदेशातल्या संग्रहात जपलेलं आहे. त्याच परिसरात स्वातंत्र्यानंतर महापालिकेने पेशवे पार्क केलं. आमच्या पिढीचं बालपण तिथलं. १९५६ साली फुलराणी सुरू झाली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. वडिलांच्या खांद्यावर बसून रांगेत उभं राहिल्याचं आठवतं. पुढे १९९९ मध्ये कात्रजचं प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि प्राणी तिकडे गेले. तुमच्यापैकी अनेकांच्या मुलांनी वाघ पाहिला तो कात्रजला. फुलराणीत मात्र आजोबा, मुलगा आणि नात अशा तिन्ही पिढ्या बसल्या आहेत.

मधल्या काळात तळ्याचं काय झालं? पेशवाई गेल्यावर गाळ काढणारं कोणी राहिलं नाही. पाण्याची सोयही बदलली. पूर्वी शहराला पाणी येई ते कात्रजच्या तलावातून, जमिनीखालच्या दगडी नळातून, केवळ उताराच्या जोरावर. वाटेत जागोजागी उच्छ्वास आणि पेठांमधून हौद. इंग्रजांच्या काळात खडकवासल्याला धरण झालं, पर्वतीच्या पायथ्याशी मुठेचा कालवा आला आणि जुन्या व्यवस्थेकडे हळूहळू दुर्लक्ष झालं. विसाव्या शतकात तळं आटलं, भरलं गेलं आणि महापालिकेने त्या जागी बाग उभी केली. बेटाची बाग पसरून अख्ख्या तळ्याची बाग झाली.

आता हीच बाग का टिकली? माझ्या मते तीन कारणं. देवळामुळे तिथे माणसाची रोजची पायधूळ कधी थांबली नाही. पाणी जवळ होतं. आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात उद्यान विभागाची दरसाल तरतूद असते. माणूस, पाणी आणि दरवर्षीचा पैसा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर बाग हा भांडवली खर्च नाही, महसुली खर्च आहे. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापायला सगळे असतात. पुढच्या एप्रिलमध्ये पाइप धरायला कोण असतं, यावर बाग टिकते.

दुसरं उदाहरण एम्प्रेस गार्डनचं. मूळची ही लष्करातल्या सोल्जर लोकांसाठीची बाग. व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञी ही पदवी घेतल्यावर तिला एम्प्रेस हे नाव मिळालं. राज्य गेलं, राणी गेली, पण बाग राहिली. कारण ती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेच्या हाती होती. एकेकट्या हौशी माणसापेक्षा संस्था बरी, कारण माणूस थकतो, संस्थेत दुसरा येतो. दर जानेवारीत तिथलं पुष्पप्रदर्शन पाहायला आपण जातो, तेव्हा ती फुलं चार दिवसांत उमललेली नसतात हे लक्षात ठेवावं. त्याची तयारी आदल्या पावसाळ्यात सुरू झालेली असते. गणेशखिंडीचं वनस्पती उद्यान १८७३ चं, कृषी महाविद्यालयाकडे असलेलं. तेही असंच संस्थेच्या आधाराने टिकलं आणि २०२० मध्ये सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं.

तिसरं उदाहरण जरा लांबचं आहे, पण त्याची शाखा आपल्या सिंहगड रोडवर आहे. पु. ल. देशपांडे उद्यान. दहा एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे. मूळ कोराकुएनचं काम १६८७ मध्ये सुरू झालं आणि १७०० मध्ये पुरं झालं. म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीला आणि पुढे साताऱ्याला होते, तो काळ. त्या बागेचं १९३४ च्या पुरात मोठं नुकसान झालं आणि १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात पुन्हा झालं. दोन्ही वेळा जपानी लोकांनी ती होती तशी उभी केली. कशाच्या आधारावर? जुनी चित्रं आणि कागदपत्रं त्यांनी जपून ठेवली होती. कुठे कोणती टेकडी, कुठे पाणी, कुठे झाड, सगळं दप्तरी होतं. हे वाचलं तेव्हा माझ्यातला बँकवाला एकदम जागा झाला. माणूस, पाणी, पैसा यांच्या जोडीला चौथी गोष्ट हवी, ती म्हणजे नोंद.

आता ऋतूंकडे येतो. बाग बारा महिने हिरवी दिसते म्हणून बारा महिने काम सारखंच असतं असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. आपले पहिले माळीमामा पुरंदर तालुक्यातले होते. त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

माघ-फाल्गुनात पानं गळायला लागली की ती झाडून जाळायची ही आपली वाईट सवय. मामा ती पानं झाडाच्याच बुंध्याभोवती पसरायचे. ऊन वाढलं की तेच आच्छादन ओल धरून ठेवतं आणि पुढे त्याचंच खत होतं. आज पुण्यात 'ब्राऊन लीफ' या नावाने हेच काम चालतं. ज्याच्याकडे पानं जास्त झाली तो गरज असलेल्याला देतो. चैत्र-वैशाखात आळी नीट करायची, पाणी सकाळी लवकर नाहीतर सूर्य कलल्यावर द्यायचं. रोज घोटभर पाणी देण्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर द्यावं, म्हणजे मूळ खाली जातं, असं ते सांगत. नव्या झाडांचे खड्डे मे महिन्यातच घेऊन उन्हात तापू द्यायचे. वाळलेल्या, धोक्याच्या फांद्या पावसाआधी काढायच्या, आणि त्यासाठी महापालिकेची परवानगी आधी काढायची. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. आपल्या कुंपणातलं झाड असलं तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही.

जूनमध्ये पहिल्या सरीबरोबर रोप लावायची घाई करायची नाही. दोन चांगले पाऊस पडून जमीन खालपर्यंत ओली झाली की मगच. ५ जूनला फोटो काढून लावलेली किती रोपं जूनअखेर कोरडी पडतात, ते आपण पाहिलंच आहे. श्रावण-भाद्रपदात पाणी द्यायचं काम नसतं, पण तणाचं काम चौपट. त्यात गाजर गवत, ज्याला काही जण काँग्रेस गवत म्हणतात. भारतात या गवताची पहिली शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली १९५६ मध्ये, आणि ती आपल्या पुण्यातली! फुलराणी आणि गाजर गवत एकाच सालचे म्हणायचे. ते फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. एकदा बी पडलं की पुढची कितीतरी वर्षं गेली.

पाऊस ओसरल्यावर गुलाबाची छाटणी, खुरपणी, शेणखत. मार्गशीर्ष-पौषात शेवंती, झेंडू, पिटुनिया. ते दिवस बागेच्या कौतुकाचे. सारसबागेतल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात, ते पाहायला आपण मुलांना नेतो. देवालासुद्धा ऋतू असतो, मग झाडाला का नसावा?

हे सगळं मला माळीमामांनी शिकवलं आणि त्यांनाच मी कामावरून कमी केलं. हे आजवर स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

२०१२ साली मी खजिनदार होतो. गाड्या वाढल्या होत्या, देखभाल खर्च वाढत होता. बागेचा निम्मा भाग पेव्हर ब्लॉक घालून पार्किंगला घ्यावा आणि पूर्णवेळ माळ्याऐवजी आठवड्यातून एकदा येणारा माणूस ठेवावा, असा ठराव मीच मांडला. किती बचत होईल याचा तक्ता मीच केला होता. आकडे बरोबर होते. ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात दोनच हात वर झाले होते. त्यातला एक तळमजल्यावरच्या काकूंचा.

काकूंनी सोसायटी नवी असताना एक बहावा लावला होता. वैशाखात तो असा पिवळाधमक व्हायचा की रस्त्यावरून जाणारे थांबायचे. ब्लॉक घालणाऱ्याने अगदी बुंध्यापर्यंत घातले. मी तिथेच उभा होतो. मामांनी एवढंच म्हटलं, "साहेब, ह्याला श्वास घ्यायला हातभर तरी जागा ठेवा." ब्लॉकची रांग वाकडी दिसेल म्हणून मी नको म्हटलं. तिसऱ्या उन्हाळ्यात बहावा फुलला नाही, चौथ्यात वाळला. काकू तोवर मुलीकडे राहायला गेल्या होत्या. त्या दिवाळीत भेटायला आल्या, खिडकीतून मागे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. आज त्या नाहीत. माझ्या तक्त्यात बहाव्याचा रकाना नव्हता.

मग आली २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. ती पुण्यात कोणी विसरणार नाही. कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल भागात घरांत पाणी शिरलं, सोसायट्यांच्या संरक्षक भिंती पडल्या, माणसं गेली. मी अकराएक वर्षांचा असताना पानशेतचा पूर पाहिलेला माणूस. १२ जुलै १९६१. तो धरण फुटून नदीला आलेला होता. हा एका ओढ्याचा. हा तोच ओढा, ज्याचं पाणी नानासाहेबांनी अडवून तळं केलं होतं. जिथे पाण्याला थांबायला, मुरायला जागा होती तिथे आपण घरं, रस्ते आणि सिमेंट केलं. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

आपण ओढ्यापासून लांब आहोत, म्हणून वाचलो. पण त्या रात्रीचं एक दृश्य जुन्या सभासदांना आठवत असेल. पेव्हर ब्लॉकच्या बाजूला गुडघाभर पाणी साचलं, लिफ्टच्या खड्ड्यात गेलं आणि लिफ्ट अकरा दिवस बंद राहिली. उरलेल्या बागेच्या बाजूला मात्र सकाळपर्यंत पाणी जिरून फक्त चिखल राहिला होता. एकाच कुंपणात, एकाच पावसात. मी त्या सकाळी चार मजले जिने चढताना हिशेब केला. लिफ्टच्या दुरुस्तीत माझी सात वर्षांची बचत गेली होती.

आज हे सगळं आठवायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. येत्या वार्षिक सभेत उरलेल्या बागेवरही पार्किंग करावं, असा प्रस्ताव येणार आहे. प्रस्ताव मांडणाऱ्या तरुण मंडळींवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी होतो. घरटी दोन गाड्या झाल्या आहेत, रस्त्यावर लावल्या तर उचलून नेतात, ही अडचण खरी आहे. मत ज्याने त्याने आपलं द्यावं. म्हाताऱ्याने लेख लिहून सभा चालवू नये, हेही मला कळतं.

पण मत देण्याआधी तक्त्यात बहाव्याचा रकाना घालावा, एवढी विनंती. जिरणाऱ्या पाण्याचा घालावा. आणि बाग ठेवायची ठरली तर तीही नुसती ठेवू नये. अंदाजपत्रकात तिच्यासाठी दरसाल स्वतंत्र रक्कम असावी, बाकीचा खर्च वाढला म्हणून ती वळवता येऊ नये. दोन पंपांपैकी एकाचं पाणी तिच्या नावे असावं. माणूस नेमावा आणि त्याला ऋतूंची कामं नेमून द्यावीत. आणि पेव्हर ब्लॉकच्या बाजूला जी चार झाडं अजून तग धरून आहेत, त्यांच्या बुंध्याभोवतीचे ब्लॉक या उन्हाळ्याआधी काढावेत. रांग वाकडी दिसली तरी चालेल.

चौथी गोष्ट, नोंद, ती मी केली आहे. बँकेच्या सवयीने एक जाड रजिस्टर आणून प्रत्येक झाडाला एक पान दिलं. एकूण एकोणतीस झाडं भरली. कोणी लावलं, कधी लावलं, कधी फुलतं, काय दुखणं आहे, जे जे ठाऊक होतं ते लिहिलं. शेवटचं तिसावं पान बहाव्याचं आहे. लावल्याचं साल, लावणाऱ्या काकूंचं नाव, वाळल्याचं साल आणि कारण, सगळं आहे. कारणाच्या पुढे माझी सही आहे.

रजिस्टर सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं आहे. तुमच्या झाडाची जी माहिती माझ्याकडून राहिली असेल ती जरूर भरावी. पुढची पानं कोरी आहेत.